कुंदाचा गोठा

कुंदा गेली हे मला कंपनीत कळलं. सुपरवायझरच्या टेबलावरचा फोन आमच्यासारखींसाठी कधी वाजत नसे. त्या दिवशी तो वाजला आणि माझं नाव पुकारलं गेलं. पलीकडून तिचा भाचा हॉस्पिटलातून बोलत होता. "सुलूमावशी, मावशी गेली..." मी रिसीव्हर ठेवला, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हे, की आज संध्याकाळपर्यंत पोरांना कोण बघणार? कुणी मला दगडाच्या काळजाची म्हणेल. म्हणू दे. कुंदा असती तर म्हणाली असती, "बरोबर आहे तुझं. मी कुठे पळून जातेय? पोरं पळतील." अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी हॉस्पिटलमध्ये न जाता आधी गोठ्यात गेले. तिथे माझ्याआधीच तीन-चार जणी पोचल्या होत्या. एक भरवत होती, एक झोळी हलवत होती, आणि सगळ्यांची तोंडं रडून सुजली होती. कुणीही आपलं मूल उचलून घरी नेलं नव्हतं.

गोठा म्हणजे गोठाच. मरोळच्या गावठाणामागे, कारखान्यांच्या शेडी जिथे संपतात तिथे, पांडेशेठचा म्हशींचा तबेला होता. आता तिथे आमची मुलं वाढतात. माझा मोठा तिथे चालायला शिकला, धाकटी अजून तिथेच असते. गेले काही आठवडे जो तो मला विचारतो की आता त्या जागेचं काय होणार. त्याचं उत्तर द्यायला हा लेख नाही. पण कुंदाबद्दल लिहायचं तर त्या तबेल्याबद्दल लिहावंच लागतं, कारण हट्टीपणात ती दोघं एकमेकांना भारी होती.

आम्ही दोघी एकाच लाइनवर होतो. रेडिओचे सुटे भाग जोडायचो. गिरण्यांचा संप लांबला होता, घरातले पुरुष बसून होते आणि बायका कामाला लागल्या होत्या. बसलेल्या पुरुषांनी पोरं सांभाळावीत असं मात्र कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं. आमच्यातल्या एकीनं नाइलाजानं आपलं तान्हं कंपनीत आणलं आणि टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवलं. ते रडलं. सुपरवायझर धावत आला आणि त्या पोरीला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलला. ती मान खाली घालून ऐकत होती. कुंदा उठली. लग्न न केलेली, चाळिशीला टेकलेली, जिचा त्या बाळाशी काडीचा संबंध नव्हता अशी कुंदा! "साहेब, तुम्ही काय डायरेक्ट पँट घालून जन्माला आलात काय?" एवढंच म्हणाली. लाइन हसली, आणि हसली म्हणूनच कुंदाची नोकरी गेली. दारात मी तिला गाठलं, म्हटलं, माफी माग, घेतील परत. तर म्हणाली, "माफी? अगं, मला आज पहिल्यांदा कळलं, मला काय काम करायचंय ते."

जागा शोधायला ती महिनाभर वणवण फिरली. चाळीतली खोली कुणी देईना, वर पोरांचा गलका नको म्हणायचे. तेव्हा तिला हा तबेला दिसला. पांडेशेठनी म्हशी वसईपलीकडे हलवल्या होत्या. त्यांना तिथे बिल्डिंग उठवायची होती, पण भावाभावांचं भांडण कोर्टात अडकलं होतं, आणि रिकाम्या तबेल्यात पत्ते कुटणाऱ्यांनी अड्डा केला होता. कुणीतरी बसलेलं त्यांना हवंच होतं. "जब तक बिल्डिंग का नहीं होता तब तक बैठो, बाई," ते म्हणाले. "मगर एक ईंट नयी नहीं लगेगी. जो है, उसी में करना." कुंदानं ती अट मान्य केली. पुढे गंमत अशी झाली की त्या अटीनंच तिला वाचवलं, पण ते कळायला एक पावसाळा जावा लागला.

खरं सांगायचं तर सुरुवातीला तिलाही त्या जागेची लाज वाटत होती. गोठ्याला घरासारखं दिसायला लावायचं, असं तिनं मनात घेतलं. वीट लावायची नाही ना? मग कोबा करू, कोबा म्हणजे काही वीट नाही! जुन्या दगडी फरशीला मधल्या गटाराकडे उतार होता. तो सिमेंटनं भरून काढून तिनं जमीन आरशासारखी सपाट केली. आढ्याशी कौलांमध्ये हातभर रुंद फट होती, वर वेगळं छोटं छप्पर असलेली. तिथे पत्रे ठोकले, का तर घराला असं भोक कुठे असतं? भिंतींना गुलाबी ऑइलपेंट. सकाळ-संध्याकाळ फिनेल. आम्ही सगळ्या कौतुकानं बघत होतो. अगदी शाळेसारखं झकास दिसत होतं.

माझ्या घरी मात्र महाभारत झालं. सासूबाई मालवणकडच्या, बोलायला लागल्या की चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. "माज्या नातवाक म्हशीच्या गोठ्यात ठेवतलंस? आमच्या मांगरात ढोरां रवतत, माणसां न्हय!" तीच गत सगळ्यांची. नाक्यावरच्या बायका विचारायच्या, "काय गं, पोराला वैरण घालून आलीस काय?" गावठाणातली रोझीबाई एकटी आमच्या बाजूनं होती. तिच्या लोकांची भातशेती कधीच कारखान्यांखाली गेली होती, त्यामुळे गोठा ओस पडला की काय वाटतं हे तिला सांगायला नको होतं. ती कमरेवर हात ठेवून त्या बायकांना म्हणाली, "आमचा देव गोठ्यानच जन्मला ना, बाय! मंग त्याला काय झाला?" बायका हसत पांगल्या. पण मुलं काही आणून सोडली नाहीत कुणी. आम्हा मोजक्या गरजू बायकांचीच तेवढी होती.

मग पाऊस लागला आणि वाट लागली. इतकी वर्षं म्हशींचं मूत प्यायलेली ती जमीन वरून सिमेंटनं बंद केलेली, तिला ओल सुटली आणि वास भिंतींतून वर चढायला लागला. आढ्याची फट बंद, वारा जाणार कुठून? आत नुसती वाफ. पोरांच्या अंगावर घामोळं, छातीत खोकला. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो सपाट कोबा! तान्ही मुलं मुतणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाणी जाईल कुठे? जिथे केलं तिथेच थारोळं, त्यात दुसरं पोर बसायचं, तिसरं घसरायचं. आधीच मोजक्या बायका, त्यांतल्या दोघींनी मुलं काढून घेतली. पांडेशेठ दारात येऊन नाकाला रुमाल लावून उभे राहिले. "बाई, इससे तो मेरी भैंसें साफ रहती थीं." बोलण्यात टिंगल नव्हती, उलट कीव होती. त्यानं कुंदाला जास्त लागलं. ते गेल्यावर ती जिथे होती तिथेच खाली बसली, ओल्यात. मला वाटलं संपलं आता. माझं पोर काखेत, कामावर जायची वेळ झालेली, आणि ही रडत बसणार... पण ती रडत नव्हती. मधल्या बुजवलेल्या गटाराच्या रेषेकडे बघत होती.

"सुलू, म्हशी इथे उगाच साफ राहत होत्या काय?" ती म्हणाली. "अगं, ज्यानं हे बांधलं त्याला माहीत होतं, आत राहणारा कुठेही मुतणार, गरम होणार, घाण करणार. पोरं दुसरं काय करतात? हे घर नव्हतंच. हे घरापेक्षा बरं होतं, आणि मी लाजेपायी त्याचं घर करायला गेले."

त्या रविवारी आम्ही कोबा फोडला. कुणी पहार आणली, कुणी घण, रोझीबाईनं घरून फुगिया, त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, आणि चहाची किटली आणली. आढ्यावरचे पत्रे कुंदानं स्वतः वर चढून उपटले, साडीचा काचा मारून, आणि खालून सगळ्या जणी तिच्या नावानं बोंब मारत होत्या, "उतर गं बाई, मरशील!" पत्रा सुटला तशी वरून वाऱ्याची झुळूक सरळ खाली आली आणि गुलाबी भिंतीला लागून फिरली. पेंट खरवडून चुना दिला. खालची दगडी फरशी निघाली, जुनीच, मजबूत, गटाराकडे उतरती. एक बादली पाणी ओतलं की सगळं वाहून जायचं. भिंतीलगतची लांब दगडी गव्हाण तिनं आधी फळ्यांनी झाकली होती. त्या फळ्या काढून आत गोधड्या अंथरल्या, तर पोरं ओळीनं निजली आणि कडेच्या कठड्यामुळे एकही खाली पडेना. पेंढ्याच्या माळ्यावर सामान गेलं. तुळईला झोळ्या बांधल्या. मागच्या शेणखड्ड्यावर भोपळ्याचा वेल लावला, त्याला एवढे भोपळे धरले की पोरं आणि त्यांच्या आया भोपळ्याची भाजी खाऊन कंटाळल्या. रोझीबाईचं जुनं घर पाडून बिल्डिंग झाली तेव्हा तिची कौलं आणि सागवानी दार कुंदानं गाडीवर घालून आणलं. गावठाणात जे मोडत होतं ते गोठ्यात येऊन उभं राहत होतं. नवीन वीट एकही लागली नाही. पांडेशेठना दिलेला शब्द तिनं असा पाळला.

नाव काय ठेवायचं यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं किलबिल ठेव, गोकुळ ठेव, ऐकायला बरं वाटतं. तिनं माळ्यावरची एक फळी घेतली आणि पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गोठा. मुलं सांभाळली जातील.' मी डोक्याला हात लावला. "लोक मागून गोठाच म्हणतात ना? मग पुढूनही म्हणू दे. मागे बोलायला त्यांना काही उरायलाच नको." आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्यानंतर मुलं वाढायला लागली. वाफेनं कोंडलेल्या चाळीतल्या खोलीत पोर ठेवण्यापेक्षा गोठ्यात ते हसतं-खेळतं, हे आयांना दिसत होतं. माझ्या सासूबाई एकदा शिव्या देत बघायला आल्या, वर बघितलं, खाली बघितलं, गव्हाणीत निजलेल्या नातवाच्या कपाळाला हात लावून बघितला. "थंड आसा गो हय," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी येऊन भाज्या निवडायला बसल्या.

कुंदा देवी नव्हती, हेही लिहायला हवं. तोंडाची फटकळ, कुणाचे आभार मानायची नाही, आवडती-नावडती मुलं उघड करायची. उशिरा येणाऱ्या आईला पोरासमोर झापायची, मलाही. एकदा कुठलेसे साहेब तपासायला आले. "ही इमारत जनावरांसाठी आहे, इथे माणसं ठेवता येणार नाहीत," असं म्हणाले. ही शांतपणे म्हणाली, "बरं. मग ह्या पोरांसाठी बांधलेली कुठे आहे ती दाखवा, आत्ता उठून तिकडे जाते." साहेबांनी चहा घेतला आणि गेले. परत आले नाहीत, पण ती जागाही कुणी दाखवली नाही, आजतागायत. एवढी जीभ चालवणाऱ्या बाईनं स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. कावीळ अंगावर काढली. डोळे पिवळे दिसतायत म्हटलं तर म्हणाली, "भोपळा जास्त झाला." गेली त्या सकाळी हॉस्पिटलात नेली तेव्हा फार उशीर झाला होता... मला तिचा राग येतो. अजूनही येतो. एवढ्या आया होत्या तिथे, एकीलाही तिनं आपली आई होऊ दिलं नाही.

कोर्टाचा निकाल गेल्या महिन्यात लागला. पांडेशेठना जागा मिळाली. तिचं तेरावं झालं आणि दोन दिवसांनी ते आले, बरोबर एक शर्ट खोचलेला माणूस, हातात मोजायची कापडी टेप. मी रजेवर होते, गव्हाणीच्या कडेवर बसले होते. दुपारी पोरांचं जेवण उरकलं की कुंदा तिथेच पाय सोडून बसायची, दगड तेवढाच गुळगुळीत झालाय. "बाई तो नहीं रहीं," शेठ अवघडून म्हणाले. माणूस वाईट नाही तो. "बात उनसे थी. अब तो खाली करना पड़ेगा ना?"

मी म्हटलं, "बात गोठ्याची होती, शेठ. बिल्डिंग बांधा ना तुम्ही. कोण नाही म्हणतंय? पण खालचा मजला असाच ठेवा, नाहीतर दुसरा असाच गोठा आधी दाखवा. आम्ही इथून उठत नाही." माझ्या मागे सासूबाई भाजीची परात घेऊन उभ्या होत्या. दारात आणखी काही जणी येऊन थांबल्या.

शेठनी त्या माणसाला खूण केली, माप तरी घेऊ दे. त्यानं टेपचं एक टोक भिंतीशी ठेवलं आणि दुसरीकडे चालत गेला. तेवढ्यात एक पोरगी, नुकतीच चालायला लागलेली, दुडुदुडु आली आणि ते टोक उचलून तिनं दोन्ही मुठींत धरलं. त्यानं हळूच ओढलं. तिला वाटलं खेळ आहे. ती हसली आणि आणखी घट्ट धरून खाली बसली. तो माणूस शेठकडे बघायला लागला, शेठ माझ्याकडे, मी तिला सोड म्हणेन म्हणून.

मी म्हटलं नाही.