हिरवा ठिपका

माझे यजमान बोटीवर नोकरीला. गेल्या सुट्टीत त्यांनी माझ्यासाठी परदेशातला फोन आणला. ते परत गेल्यावर कळलं, त्यात आपलं सिम चालतच नाही. आमच्या नार्वे गावातल्या घरी वायफायवर व्हिडिओ कॉल व्हायचे, पण पणजीच्या बसमध्ये तो फोन म्हणजे नुसता आरसा.

डिचोलीच्या बाजारातल्या दुकानदाराला म्हटलं, अनलॉक करून द्या. त्या शहाण्याने दोन दिवस ठेवून घेतला, तरी सिम चालेना. "वयनी, जेलब्रेक केलंय. आता खंयचाय, कसलाय अ‍ॅप घाला, कंपनी अडवची नाय," म्हणाला आणि वर चार अ‍ॅप्स फुकट घालून दिली. फुकट म्हटल्यावर मी कशाला विचारतेय!

सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना वेळ दिसावी म्हणून मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावून मी तो फोन खाटेसमोर कपाटाला टेकवून ठेवायची. त्याच खाटेवर त्यांना पुसायचं, कपडे बदलायचे. बाई इतक्या संकोची, की डॉक्टरसमोरही पदर मुठीत घट्ट.

एका संध्याकाळी कॉलवर मी ह्यांना सहज म्हणाले, "फोन बरो आसा हां तुमचो. चार्ज झालो काय वर हिरवो ठिपको येता. दिवसभर आसता."

ह्यांचा चेहरा उतरला. "दिवसभर? अगे, तो चार्जिंगचो न्हय, कॅमेऱ्याचो! कॅमेरो चालू आसलो काय येता. फोनाक काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. हे ओरडलेच. "सिमाचा कुलूप येगळा! ता तिथली नेटवर्कवाली कंपनी काढता, फोन होतो तसोच रवता. ह्यान फोनाची राखणच काढून टाकली. त्या अ‍ॅपांतसून आता कोणयव आत येतलो!"

दुकानदार की कुणी तिसराच, कोण बघत होतं? काय काय बघितलं? विचारायचं तरी कुणाला? फोन बंद केला, टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबला. संताप इतका, की जेवण गेलं नाही.

सासूबाईंना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट पाणी घेऊन गेले, तर त्या पदर छातीशी धरून नेहमीसारख्या म्हणाल्या, "आदी दार लाव गे. कोण बघीत."

मी दार लावलं. रोजच लावत होते.