काऊन आजींचा प्रश्न

‘मतभेद’ हा शब्द कानावर पडला की काऊन आजी हातातलं काम थांबवायच्या. “काऊन?” असं विचारायच्या आणि खरं उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला हलू द्यायच्या नाहीत. नागपूरकडे ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात, म्हणून इथे परदेशात, ओंगारमध्ये वाढलेल्या आमच्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या या बाई २०२० मध्ये आमच्या शेजारी, त्यांच्या मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या, विमानं बंद पडली आणि दीड वर्ष राहिल्या.

माझ्या मुलीला, इराला, शाळेत अमेरिकेच्या यादवी युद्धावर लिहायचं होतं. “नॉर्थ आणि साउथ वेअर जस्ट डिफरंट, आजी,” ती म्हणाली.

“काऊन? तिकडे कारखाने, इकडे कापूस, म्हणून गोळ्या झाडल्या? कापूस आमच्याकडे बी होते, पोरी! तो वेचणाऱ्या माणसाले बाजारात विकत होते, लेकरं मायपासून तोडून. नव्या प्रांतात गुलाम ठेवायचे का नाही, यावर मोठमोठ्या लोकांनी वर्षानुवर्षं तडजोडी केल्या. ज्याच्या पाठीवर तडजोड केली, त्याले कोणी विचारलं? हे पहिल्या ओळीत लिहजो.” इरा रडकुंडीला आली, पण आजींनी ती ओळ पहिलीच ठेवायला लावली.

२०२१ च्या गणपतीआधी आमचं छोटं मंडळ फुटायला आलं. उकडीचे मोदक की नागपुरी वडाभात, यावरून सुरू झालं आणि नागपूरवाल्यांनी व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुपसुद्धा काढला. मी नाशिकची, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खात होते. परदेशात मूठभर माणसं आम्ही, त्यातही दोन गणपती? माझा नुसता संताप होत होता.

शेवटी सगळ्यांना माझ्या परसात बसवलं. “काही नाही हो, प्रादेशिक मतभेद,” आमचे पुण्याचे अध्यक्ष म्हणाले.

“काऊन?” आजी उभ्याच होत्या. “करोनाच्या आधीच्या गणपतीत स्टेजवर कोण होतं? आणि भांडी कोणी घासली?”

भांडी दरवर्षी नागपूरच्या, नव्याने आलेल्या सुनाच घासत. त्यातली एक मान खाली घालून म्हणाली, “आम्ही आरतीला कधी बाहेर आलोच नाही.”

अध्यक्ष तडकले. “म्हणजे आम्ही काय गुलामांचे मालक?”

“नाही जी. त्या दुःखाशी याची बरोबरी केली तर मीच पापी. पण खोड तीच. राबायचं त्यानं, मान आपला, आणि भांडण लागलं की नाव प्रांताचं.”

गणपतीच्या दिवशी आरतीला त्या सुना पुढे उभ्या होत्या. जेवणं झाल्यावर अध्यक्ष माझ्या सिंकपाशी मोठं पातेलं घासत होते, आणि आजी पदर खोचून शेजारी पुसायला. “तळाशी लागलं आहे, बावा, जोर लावा!” नागपूरवाल्यांचा ग्रुप त्याच संध्याकाळी बंद झाला.

ऑक्टोबरात आजी परत गेल्या. थंडी सरायच्या आत नागपुरात झोपेतच गेल्याचं कळलं. मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. केवढा जीव लावला होता त्या बाईंनी!

पुढच्या गणपतीच्या मीटिंगला कुणीतरी म्हणालं, “यंदा थोडे मतभेद आहेत.”

एरवी घरात मराठीचा एक शब्द न काढणारी माझी इरा फोन बाजूला ठेवून उभी राहिली.

“काऊन?” तिने विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत बसली नाही.