खाली पोकळ हाय

पुंडलिकभाऊ रामटेके सकाळच्या चहाआधी फरशी ठोकायचे. उकिडवे बसून डावा तळहात फरशीवर टेकवायचे, उजव्या हातातल्या काठीनं तीनदा ठोकायचे आणि मान कलती करून ऐकायचे. मग पुढची फरशी. आजारात बायकोचं नाव गेलं, मुलाचा चेहरा गेला. हे मात्र राहिलं होतं.

भद्रावतीजवळच्या आमच्या निवासात डिमेन्शिया झालेली चौदा माणसं राहतात. नवीन माणूस आला की गोळ्यांच्या यादीआधी त्याचं आयुष्य वहीत लिहून घ्यायचं, हा आमचा नियम. भाऊंचं मीच लिहिलं होतं: भूमिगत कोळसा खाणीत तीस वर्षं ड्रेसर. पाळीचे कामगार आत शिरण्याआधी छत ठोकून पाहायचं, सैल दगड पाडायचे, मगच बाकीच्यांना बोलवायचं. म्हणून काठी त्यांच्याकडेच ठेवली. त्यांनी "या आता" म्हटल्याशिवाय चहाची गाडी जेवणघरात जात नसे. पाहुण्यांना हे मी मोठ्या कौतुकानं दाखवायची.

"दगड बोलते, बाई," ते सांगायचे. "टणटण बोलला तं जेवा. भदभद बोलला तं डबा सोडून पळा."

दिवाळीनंतर ते जेवणघरातल्या खिडकीकडच्या कोपऱ्यात अडले. रोज त्याच चार फरशा.

"इथी लोकायले काऊन बसवता? खाली पोकळ हाय."

आम्हा काळजी घेणाऱ्यांचा एक समजुतीचा आवाज असतो, गोड आणि हळू. त्या आवाजात मी विचारलं, "काय ऐकू येतं, भाऊ?"

"तुले नाई येत?"

आमच्या भागातली जुनी खाण कधीच बंद झालेली. तिचे रस्ते जमिनीखाली कुठवर गेलेत, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. मी तो विचार झटकला. खाणीतल्या माणसाला खाणच आठवणार, असं स्वतःला सांगितलं.

एका सकाळी त्या कोपऱ्यात बसलेल्या कुसुमबाईंना भाऊंनी खुर्चीसकट ओढलं. बाई पडल्या, मनगट मोडलं. बाईंचा मुलगा येऊन भांडून गेला आणि व्यवस्थापक सरांनी काठी काढून घ्यायला सांगितलं. ती मी काढून घेतली. भाऊंनी झटापट केली नाही.

"मंग आता कोन पाहीन?" एवढंच म्हणाले.

काही दिवस ते बोटांच्या पेरांनी ठोकत राहिले. सालटी निघाली, पट्ट्या बांधल्या. मग तेही थांबलं. ताट घेऊन दारातच बसायचे, कोपऱ्याकडे बघत, आणि ताट तसंच परत यायचं. होळीच्या आधी गेले. त्यांचं आयुष्य आम्ही वहीत लिहून घेतलं आणि त्यातलं जे अडचणीचं झालं ते हातातून काढून घेतलं, याची मला अजून लाज वाटते.

यंदाच्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यात भेग पडली, खिडकीपासून फरशीपर्यंत. जुनं बांधकाम आहे, सर म्हणाले. दोनदा लिंपली, दोनदा उघडली.

काल मी कपाटातून भाऊंची काठी काढली. उकिडवी बसले, तळहात टेकवला. दाराकडच्या फरशा टणटण वाजल्या. कोपऱ्यातली भदभद वाजली आणि हाताखाली काहीतरी थरथरलं.

मी उठून खुर्च्या बाहेर ओढायला लागले. तिसऱ्या खुर्चीला सर दारात दिसले. ते जवळ आले.

"काय ऐकू येतं, बाई?" त्यांनी विचारलं. गोड, हळू आवाजात. आणि काठीसाठी हात पुढे केला.