अव्वा जळतात ते बरंच आहे

माझ्या सासूबाई शिवबाई, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात, जळक्या आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते आणि त्या हसतात. जळायला त्यांना लांब जावं लागत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्याच दारात त्यांची धाकटी जाऊ राहते, सिद्धेश्वरी काकू. काकू अव्वांना अक्का म्हणतात. काकूंनी नवा पडदा लावला की अव्वांना आमचा विटलेला दिसतो. काकूंचा नातू लवकर बोलायला लागला, तर अव्वांनी माझ्या लेकराला दिवसभर समोर बसवून ‘अज्जी म्हण, अज्जी म्हण’ करत रडवलं.

पण शेंगाचटणी मात्र दोघींची एकत्र. त्यांच्या सासूबाई मैंदर्गीच्या, मोठ्या बेरकी बाई. या दोघींचं पटणार नाही हे ओळखून त्यांनी शेंगदाणे भाजायची रीत फक्त काकूंना शिकवली, आणि मिरची-लसणाचं प्रमाण फक्त अव्वांना. एकीशिवाय दुसरीचं अडावं, एवढाच हेतू. तेव्हापासून काकू दार लावून भाजतात, अव्वा पदराआड मसाला घालतात, आणि मग दोघी एकाच उखळाशी बसून भांडत भांडत कुटतात. त्या चटणीवर दोन्ही घरं उभी राहिली. लोक अजून जिने चढून येतात. फक्त येताना ‘काकूंची चटणी आहे का?’ विचारतात, आणि अव्वांच्या पोटात दुखतं.

गेल्या वर्षी युवराज नावाचं एक तिशीतलं गिऱ्हाईक येऊ लागलं. आला की पाया पडायचा. अव्वांच्या गुडघ्यासाठी तेल आणायचा. मलाही तो आवडला, खोटं कशाला बोलू? सख्ख्या मुलानं कधी गुडघा विचारला नव्हता.

मग एक दिवस म्हणाला, “मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पण समोरच्या मावशी सगळीकडं सांगतात, चटणी माझ्या हाताची, अक्का नुसत्या कुटायला.”

अव्वा पेटल्या. उखळाशी भांडण बंद झालं, नुसती मुसळं वाजायची. ती शांतता मला सहन होईना. असली माणसं नवीन काही सांगत नाहीत. आपल्याला आधीच कुठं ठसठसतंय ते बघतात आणि नेमकं तिथंच बोट ठेवतात.

पुढच्या खेपेला युवराजनं हळूच सांगितलं, “तुमच्या एकटीच्या नावानं पाकिटं काढू. वर तुमचा फोटो. मसाल्याचं तेवढं सांगा, बाकी मी बघतो.”

एकटीचा फोटो! अव्वांचा चेहरा असा खुलला की मी स्वयंपाकघराच्या दारात गार पडले. आता बोलतात की काय! मसाला गेला की चटणी गेली, आणि दोन्ही घरांची रोजीरोटी.

“आनि शेंगदाणे कोण भाजणार?” अव्वांनी विचारलं.

“त्याची काळजी सोडा. मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, मंद आचेवर भाजायचे आणि गरम असतानाच गोणपाटात गुंडाळून ठेवायचे.”

काकूंच्या गॅलरीत वाळत घातलेलं गोणपाट अव्वांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. ते कशाला, हे त्यांना आत्ता कळलं.

“म्हंजे तू आदी तिच्याकडं गेलतास?”

“नाही, तसं नाही मावशी...”

“आनि माझ्याकडं मागनं आलास?”

दुसरी शहाणी बाई म्हणाली असती, हा चोर आहे. अव्वांना तो शहाणपणा नंतर सुचला. आधी त्या जळाल्या, की हा पहिल्यांदा धाकटीकडं गेला! त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि ओढत समोरच्या दारात नेलं.

“सिद्धे, भाईर ये! हं, बोल आता. ही काय म्हणली ते हिच्या तोंडावर बोल.”

युवराजला एकाएकी फोन आला. मनगट सोडवून तो जिना उतरला, तो परत काही दिसला नाही.

काकू दाराला धरून रडायला लागल्या. “अक्का, त्यो म्हणला, तुमी माझ्या हाताला चव न्हाय म्हणता, दुसरी भाजणारी बघताय. मला लई लागलं. म्या सगळं सांगून बसले.”

आता अव्वा काकूंना धंद्यावरून फाडून खाणार, असं मला वाटलं. पण त्या उंबऱ्यावरच बसल्या.

“त्या भामट्याला सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “जन्मभर एका उखळाला तुझ्या शेजारी बसले, मला न्हाय सांगितलंस.”

पडद्यावरून, नातवावरून जळताना मी अव्वांना पाहिलं होतं. रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

काकूंनी डोळे पुसले. “तुमी कदी इचारलं का, अक्का?”

अव्वा पदरानं नाक पुसून म्हणाल्या, “आता इचारते की.”