नाही समजलं, सर

सरांना 'हो' ऐकवत नसे. कोणी पटकन 'हो' म्हटलं की ते डोळे मिटून घेत, चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि दमलेल्या आवाजात विचारत, "काय समजलं, ते सांगा." त्यानंतर खोलीत जी शांतता पसरे तिची मला फार भीती वाटायची. कारण बहुतेक वेळा 'हो' म्हणणारी मीच असे.

सर शिक्षकांना शिकवत. जबलपूरच्या आणि आजूबाजूच्या सरकारी शाळांमधले गुरुजी आणि बहनजी चेरीतालच्या आमच्या केंद्रात ट्रेनिंगला येत. प्रोजेक्टर, संगणक, मोबाइल वापरून वर्गात शिकवायचं कसं, हे सरांनी त्यांना दाखवायचं. मी तिथे झाडूपोछा करायची आणि चहा द्यायची. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. नवऱ्याच्या कामापायी हिंगणघाटकडून इतक्या लांब आलेली, जबलपूरच्याच गोरखपूर भागात, बाजारामागे एका खोलीत राहत होते. हिंदी तोंडात नीट बसलेली नव्हती आणि नोकरी कच्ची. कोणी मोठ्याने हाक मारली तरी वाटायचं, आता 'उद्यापासून येऊ नको' म्हणतात.

एक दिवस जिन्याखाली उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. बोलणं संपवून 'जयभीम' म्हटलं आणि वळले, तर सर मागे उभे. "जयभीम, ताई. वर्धेकडल्या का?" त्यांचे वडील फार पूर्वी, राज्यं नव्यानं आखली जायच्या आधी, नागपूरकडून इकडे नोकरीला आले आणि इकडचेच झाले. सरांचा जन्म जबलपूरचा, पण घरात बोलणं आपलंच. त्या दिवसापासून केंद्रात मला ताई म्हणणारं एक माणूस झालं. बाकी सगळे 'ए शोभा' म्हणत.

सरांच्या डाव्या खांद्यावर लॅपटॉपची काळी बॅग असे. तिच्या वजनानं तो खांदा खाली गेला होता, आणि बॅग उतरवली तरी तो वर येत नसे. संध्याकाळी सगळे गेले की ते रिकाम्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून बसत. मी बिनसाखरेचा चहा ठेवला की डोकं न उचलताच म्हणत, "सही करायला येऊन राहिले सगळे, ताई. शिकायला कोणी येत नाही."

ट्रेनिंगच्या पहिल्या सकाळी सर एकही यंत्र चालू करू देत नसत. यावरून दर वेळी कुरकुर व्हायची. कोणी गुरुजी म्हणत, "सर, मशीन सीखने आए हैं और आप मशीन ही नहीं खोल रहे. बिजली का बिल आपके घर आता है क्या?" सगळे हसत. सरही हसत, पण बटणावरचा हात काढत नसत. "पहले बंद, फिर चालू. मशीन न हो तो यही बात बच्चे को कैसे समझाएँगे, वो करके दिखाइए. जहाँ अटकेंगे, वहाँ खोलेंगे." मला मात्र ते आपल्या बोलीत सांगायचे, "अटकल्याबिगर चालू केली ना ताई, की मशीन बोलते आन् मास्तर गप बसते."

मी शिकणाऱ्यांच्या खुर्चीत कशी आले, तेही सांगते. ट्रेनिंगच्या शेवटी प्रत्येकानं एक धडा शिकवून दाखवायचा असे. ऐकायला बाकीचे शिक्षकच. एकानं शिकवलं की दुसरे म्हणत, 'बहुत बढ़िया', आणि त्यांची पाळी आली की हा त्यांना म्हणे, 'बहुत बढ़िया'. एके दिवशी सर वैतागून उठले, दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मला आत बोलावलं आणि पहिल्या ओळीत बसवलं. "इनको पढ़ाइए. सातवीं तक पढ़ी हैं, वहीं छूट गया." मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

तेव्हा शिकवायला उभ्या होत्या तिवारी बहनजी. निवृत्तीला आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, आणि यंत्रांना घाबरणाऱ्या. मुलाकडून सगळं तयार करून आणलं होतं. विषय होता नकाशाचं प्रमाण. पडद्यावर भारताचा नकाशा गरगर फिरत आला, राज्यं एकेक करून उडत येऊन बसली, मागे बाजा वाजला. बहनजी भराभर वाचत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "समझ गई?"

"हाँ," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला. "काय समजलं, ते सांगा."

मला काही सांगता येईना. बहनजींचा चेहरा लाल झाला. "अच्छा! तो अब चायवाली हमें पास-फेल करेगी?"

"पास-फेल नहीं, बहनजी," सर म्हणाले. "आपकी क्लास में पीछे जो बैठती है ना, हाँ-हाँ करने वाली, वो ये है. बड़ी होकर आई है."

त्या संध्याकाळी माझ्या हातून कप फुटला. सरांनी स्वतः काचा गोळा केल्या आणि विचारलं, "काहून हो म्हटलं, ताई?"

"त्यांना वाईट वाटलं असतं, सर. आणि तक्रार केली असती माझी."

"आणि शाळेत? तिथं कोण तक्रार करत होतं तुमची?"

मग मी त्यांना सातवीचं सांगितलं. गुरुजी विचारायचे, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणायचा, त्यात मीही. कोणी वेगळं बोललं तर बाकीचे हसत. परीक्षेत सगळं उघडं पडलं. बाबा म्हणाले, हिला डोकं नाही, कशाला पाठवायचं. सरांनी काचा कागदात गुंडाळल्या. मग म्हणाले, "तुम्हाला डोकं नव्हतं असं नाही. त्या हो-हो मध्ये मास्तर पण सुटला आन् तुम्ही पण सुटल्या. उद्या त्या चेअरवर पुन्हा बसा. समजलं नाही तर नाही म्हणा. नोकरीचं मी पाहतो."

मला रात्री झोप लागली नाही. कच्च्या नोकरीतल्या माणसाला 'नाही' हा शब्द जड असतो.

दुसऱ्या दिवशी तिवारी बहनजी आल्या त्या रागातच. पण शिक्षिका होत्या. रागातही विचार करून आल्या होत्या. त्यांनी यंत्र बंदच ठेवलं आणि मला विचारलं, "तू कहाँ की है, शोभा? आई कैसे थी यहाँ?" मी सांगितलं, गावाहून हिंगणघाट, मग नागपूर, मग सिवनीवरून अख्ख्या रात्रीचा बसचा प्रवास, मुलगी मांडीवर, गठुडं पायाखाली. त्यांनी भिंतीवरचा कागदी नकाशा दाखवला. जबलपूरवर एक बोट ठेवलं, हिंगणघाटजवळ दुसरं. दोन्ही बोटं एका हाताची होती. "इतना है बस. समझी?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

"नहीं समझी," मी म्हटलं. "इतनी सी जगह में पूरी रात कैसे आएगी?"

कोणी हसलं नाही. बहनजी म्हणाल्या, "अच्छा. यहाँ अटकी," आणि स्वतःच्या हातानं यंत्र चालू केलं. पडद्यावर वरून काढलेलं आमच्याच केंद्राचं छप्पर आलं, पाण्याच्या टाकीसकट. कोपऱ्यात एक छोटी पट्टी होती. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, आत्ता ही पट्टी म्हणजे आपलं अंगण. मग चित्र मागे मागे नेलं. गोरखपूरचा बाजार आला, अख्खं शहर आलं, नर्मदा दोरीएवढी झाली. दर वेळी थांबून पट्टी दाखवायच्या: आता हीच पट्टी म्हणजे बाजार, आता हीच म्हणजे शहर. मग खाली दक्षिणेला सरकत गेल्या आणि पुन्हा जवळ जवळ. इंटरनेट मंद होतं. आधी धुरकट चौकोन दिसायचे, मग हळूहळू त्यांची शेतं व्हायची. वणा नदी दिसली. आमचं गाव दिसलं. गावाच्या कडेला पत्र्याच्या छपरांची एक लांबट रांग दिसली, ती माझी शाळा होती.

मी न विचारताच बोलले. मराठीत बोलले की हिंदीत, आठवत नाही. जितकं लांबून बघू तितकी तीच पट्टी जास्त जमीन खाते, म्हणून माझी रात्र त्या दोन बोटांत मावली.

तिवारी बहनजी खुर्चीत बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "सारी उमर पढ़ाया मैंने. आज पहली बार किसी ने मुँह पर कहा, नहीं समझी."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चलो," एवढंच म्हणाले.

पुढे ती खुर्ची माझीच झाली. काही शिक्षक चिडत, काही मुद्दाम माझ्यासाठी तयारी करून येत. पण वरच्या ऑफिसला फोटो हवे असत, यंत्रासमोर हसणारे शिक्षक आणि खाली 'सब सीख गए'. सर मात्र कोण कुठे अटकलं तेच कळवत. शेवटी चहावालीला पुढे बसवून शिक्षकांचा अपमान होतो, अशी तक्रारही गेली. सरांचा करार पुढे वाढला नाही. ऑफिसच्या साहेबांसमोर ते म्हणाले, "ताईंना मी बसवलं. त्यांची काही चूक नाही." माझी नोकरी राहिली. सर बॅग खांद्याला लावून जिना उतरले. मी फाटकापर्यंत गेले. "थकलो, ताई," ते म्हणाले. "पर तुम्ही हो म्हणू नका."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मुलगी मोठी झाली. माझी मराठी तिला कळते, उत्तर हिंदीत देते. एकदा भाजीबाजारात तिवारी बहनजी भेटल्या, काठी टेकत आलेल्या. त्यांनीच सांगितलं, सरांना लकवा झाला, विजय नगरला मुलाकडे असतात.

रविवारी गेले. सर पलंगावर उशांना टेकून बसले होते. समोर भिंतभर टीव्ही, मोठ्या आवाजात. मला बघून डोळे हलले. तोंड एका बाजूला ओढलं होतं. त्यातून काहीतरी शब्द आले, सगळे एकमेकांत मिसळलेले.

"हो बाबा, हो," मुलगा म्हणाला.

"हाँ पापाजी, बिलकुल," सून म्हणाली आणि माझ्याकडे वळून हळूच, "दिनभर कुछ बोलते रहते हैं, दीदी. हम हाँ कर देते हैं. उनको अच्छा लगता है."

सरांनी डोळे मिटले. डावा हात चाचपडत चष्म्याकडे गेला, तिथवर पोचला नाही, आणि मांडीवर पडला.

तो हात मला ओळखता आला. मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, त्यांच्या अगदी समोर ठेवली आणि बसले.

"नाही समजलं, सर."

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा बोलले.

"नाही समजलं."

"रहने दीजिए ना दीदी, थक जाएँगे," सून म्हणाली. पण सर थकलेले नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, आणि डाव्या हाताचं एक बोट माझ्या खांद्यावरून मागे, टीव्हीकडे केलं.

"बंद करू, सर? आधी बंद?"

मान हलली. मी उठून टीव्ही बंद केला. मुलगा ओशाळून म्हणाला, "आम्हाला वाटलं, करमणूक होते त्यांची. सकाळपासून रात्रीपर्यंत लावूनच ठेवतो." खोली एकदम शांत झाली. खालून भाजीवाल्याची हाक ऐकू आली.

मग सर काहीतरी लांबलचक बोलले. एक पूर्ण वाक्य, मध्ये दोनदा थांबून. आणि पूर्वीसारखंच माझ्याकडे बघत राहिले, उत्तराची वाट पाहत.

"नाही समजलं, सर," मी म्हटलं. "पुन्हा सांगा."

त्यांचं अर्धं तोंड हसलं. सुनेनं वेताचा बुटका मोढा ओढून माझ्या शेजारी ठेवला आणि बसली. सरांनी दम घेतला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.