बुडातली चिमूट

आमच्या घरात माणसावर विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. कुणाचा अपमान करायचा म्हणून नव्हे, तो आमचा धंदा होता. माझे काकाजी मलकापुरात कापसाची पारख करत. हंगामात जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागे. गाडीवाला कितीही गोड बोलला तरी त्याच्याकडे न बघता काकाजी कोपरापर्यंत हात कापसात खुपसत आणि बुडातली मूठ वर काढत. वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला माल, ही लबाडी त्यांनी जन्मभर पाहिली होती. कुणी वजन वाढावं म्हणून कापसाला पाणी मारून आणी. "वरचं सारेच चांगलं ठेवतेत बे," ते मला म्हणत, "तू बुडाले हात घाल." माझे वडील खेड्यात शेती बघत. मी शिकायला म्हणून काकाजींकडे आलो आणि मॅट्रिकपेक्षा हेच पक्कं शिकलो. भाजीवालीची टोपली मी उलटी करून पाही. प्रसादाचा पेढासुद्धा मोडून बघितल्याशिवाय तोंडात टाकत नसे.

ते लढाईचे दिवस होते. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले आणि मुंबई-नागपूर लाइनीवरून गोऱ्या शिपायांनी भरलेल्या गाड्या जात. त्या शिपायांना खिडकीत बसून पाईप ओढताना पाहून आमच्या वयाच्या पोरांना नवं खूळ लागलं. बिडी गाडीवाले ओढत, चिलीम म्हातारे ओढत. मॅट्रिक झालेल्या माणसानं काय ओढावं, हा प्रश्नच होता. स्टेशनातला पार्सलबाबू, एक शाळामास्तर, कोर्टातला एक उमेदवार कारकून असे तिघे-चौघे तोंडात पाईप धरून खोकत हिंडायला लागले. मीही एक पाईप पैदा केला आणि काकाजींच्या भीतीनं कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

पण पाईप खरोखर ओढता येणारा गावात एकच होता. जिनात वजनकाट्यावर आलेला नवा कारकून. पुण्याकडचा, जातीनं आमच्यातलाच, विशी ओलांडलेला, कमी बोलणारा. त्याला खानावळीचं सोसत नाही असं कळल्यावर काकाजींनी त्याला दुपारच्या जेवणाला घरी बोलावलं. काकाजी कुणाला उगाच ताटावर बसवणारे नव्हते. घरात लग्नाची मुलगी होती, माझी चुलतबहीण.

बहिणीला डाव्या कानानं ऐकू येत नसे. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून. बाकी तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. जळगाव जामोदच्या एका घरी तिची सोयरीक ठरली होती. सुपारी फुटल्यावर त्यांना कानाचं कळलं आणि त्यांनी सरळ मोडली. तेव्हापासून काकाजींनी घरात सक्त ताकीद दिली होती: लग्न लागेपर्यंत कानाचं कुणाजवळ बोलायचं नाही. पाहुणे आले की ते तिच्या उजव्या हाताला बसतील अशी पाटांची मांडणी करायची. दुसरी सोयरीक मोडली तर पुढं तिला कुणी विचारणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त तिला. ती एकदा मला म्हणालीसुद्धा, "दादा, लपवून कोठवर लपवसान? सासरी गेल्यावर कान का माहेरी ठेवून जाऊ?"

कारकुनाच्या घरी बोलणी काढून झाली होती. मुलगा तिथंच आहे, त्यानं पाहावं, असं त्याच्या भावानं कळवलं होतं. आता राहिली आमच्या बाजूची पारख. काकाजींनी मला बोलावून सांगितलं, "तुले त्याची दोस्ती कराची आहे. पाईप ओढतो म्हनतेत ना? तूही शिक. पन बुडाले काय आहे ते मले सांग."

म्हणजे पाईप ओढायची परवानगी मला थेट काकाजींकडून मिळाली, आणि तीही दुसऱ्यावर पाळत ठेवण्यासाठी. हे असं आमच्याच घरात होऊ शकतं.

संध्याकाळी आम्ही स्टेशनापलीकडच्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसत असू. जिनात आगकाडी न्यायलाही बंदी होती, फाटकावरच काढून घेत. तो शांतपणे शिकवी. "सुरुवातीला गोड वासाची तंबाखू घेऊ नका," तो म्हणाला. "वासानं भुलतो माणूस, पण ती ओली असते, वाफेनं जीभ भाजते. पिवळीधमक पानाची हलकी दिसते, तीही गरम जळते. काळी, धुरकट वासाची मागाहून. नवख्यानं तपकिरी घ्यावी, मध्यम. कागदावर जरा पसरून, थोडी सुकवून मग भरावी."

मी हाव हाव म्हणत होतो आणि मनात विचारत होतो, हा फुकट शहाणपण काऊन वाटून राह्यला? ज्या वासानं सगळे भुलतात तोच नको म्हणतो, म्हणजे चांगला माल स्वतःसाठी राखून ठेवतोय. त्याच्या हातात एक विलायती डबा असे, त्यावर दाढीवाल्या खलाशाचं चित्र. लढाईमुळे असले डबे मुंबईतही मिळत नव्हते. काट्यावरच्या कारकुनाला कुठून मिळाला? काट्यावर बसणाऱ्याला गाडीवाल्यांकडून काय काय मिळू शकतं, हे आमच्या घरात वेगळं सांगायला नको.

म्हणून मी त्याच्या सल्ल्याच्या बरोबर उलट केलं. स्टेशनाजवळ एका मियाँचं तंबाखूचं दुकान होतं. त्याच्याकडे लढाईपूर्वीचा एक डबा धूळ खात पडला होता, गोड वासाचा. मी तो घेतला. उघडल्यावर वरची तंबाखू काय घ्यायची, वरचं सारेच चांगलं ठेवतात, म्हणून बोटं घालून थेट बुडातली काढली. बुडाशी असतो तो चुरा. तो चुरा मी पाईपात भरला, आणि जिनाशेजारच्या प्रेसमध्ये कापसाची गाठ दाबतात तसा अंगठ्यानं दाबदाबून भरला. मग ओढूनही धूर येईना म्हणून जीव खाऊन ओढला. धूर आला तेव्हा जिभेचं सालपट निघालं. त्या दिवशी ताटातल्या ठेच्याकडे बघूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण वाढता वाढता म्हणाली, "काय दादा, जीभ पोयली काय? पाळत ठेवाले गेल्ते ना?" पंगतीत कारकून बसला होता. मी ठसका लागल्याचं सोंग केलं.

त्या सुमाराला त्याच्याबद्दल माझ्याकडे तीन गोष्टी जमा झाल्या, आणि एकही चांगली नव्हती.

पहिली म्हणजे तो जागा बदलून बसायला लागला. पहिल्या दिवशी गडबडीत काकूंनी त्याचा पाट चुकीच्या बाजूला मांडला होता. त्या दिवशी बहिणीनं त्याला इतकं वरण वाढलं की ताटातून ओघळ आला. तो बिचारा सगळं जेवला. पुढं आम्ही पाट नीट मांडला, पण एखादा पाहुणा आला आणि पाट हलले तर हा आपण होऊन उठून पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसे. तिथून आतलं सगळं दिसतं. मला त्याच्या नजरेचाच संशय आला.

दुसरी गोष्ट मियाँनं सांगितली. मी जिभेची तक्रार घेऊन गेलो तेव्हा तो हसून म्हणाला, "वो पूनावाले बाबू को पूछते ना. वो तो मेरे पास से अपनी चिलमवाली तंबाखू ले जाते, सबसे सस्ती. डिब्बा? डिब्बा तो खाली ले गए थे, अंदर कुछ नहीं था."

तिसरी मी डोळ्यांनी पाहिली. त्याच्या खोलीवर गेलो तर दार उघडं, खाली कागदावर तंबाखू पसरलेली आणि हा वाटीतून बोटांनी तिच्यावर पाणी शिंपडतोय. गुळाचं पाणी होतं, त्यानं मला पाहून तसं सांगितलंही, "उग्रपणा कमी होतो." पण आमच्या घरात माणसानं चोरी केली तर एक वेळ ऐकून घेतील, मालावर पाणी मारलं हे ऐकून घेणार नाहीत. विलायती डबा, आत बाजारातली तंबाखू, तीवर पाणी. याहून बुडाला हात काय घालायचा?

मी काकाजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. दाराआड बांगड्या वाजल्या, म्हणजे बहीण उजवा कान लावून ऐकत होती. मला तिची फार दया आली आणि स्वतःचा रागही आला. इतक्या दिवसांत मला तो माणूस आवडायला लागला होता, हे मी काकाजींना सांगितलं नव्हतं.

"रविवारी त्याले डबा घेऊन बोलाव," काकाजी म्हणाले.

रविवारी जेवणं झाली. आम्ही ओसरीवर बसलो, बहीण पानसुपारी घेऊन दाराशी उभी. काकाजींनी हात पुढे केला, "तुमचा तो डबा पाहू द्या." तो कानापर्यंत लाल झाला. थोरांसमोर तंबाखू काढणं त्याच्या घरीही चालत नसणार. पण त्यानं डबा काढून दिला.

काकाजींनी झाकण काढलं आणि सवयीनं बाही कोपरापर्यंत सारली. डबा तो केवढा, त्यात दोन बोटंही धड मावेनात. मला हसू आलं असतं, पण बहिणीचा चेहरा पाहिला आणि आलं नाही. त्यांनी वरची चिमूट काढून डाव्या तळहातावर ठेवली. कडेची काढली. मग बोटं खुपसून अगदी बुडातली काढली. तिन्ही चिमटी शेजारी ठेवून अंगठ्यानं चोळल्या, उजेडात धरल्या, हुंगल्या.

"ही आपल्या बजारातली आहे ना?"

"हो."

"मंग डबा विलायती काऊन?"

"झाकण घट्ट बसतं," तो म्हणाला. "तंबाखू वाळत नाही."

"पोराइले सांगतलं नाही तुम्ही."

"कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर गूळपाणी मिसळायलाही शिकवलं असतं. नवख्याला हीच बरी."

काकाजी पुन्हा तळहाताकडे बघत बसले. एखाद्या गाडीचा निकाल देताना ते असेच गप्प होत, आणि गाडीवाल्याचा जीव टांगणीला लागे. मग त्यांनी तिन्ही चिमटी एकत्र केल्या आणि डब्यात परत टाकल्या.

"डब्यावरचं चित्र गेलं खड्ड्यात," ते म्हणाले. "वरपासून बुडापर्यंत माल एक आहे. मले चालते." आणि माझ्याकडे वळून, "तुले एवढं समजलं नाही बे?"

मला इतकं हलकं वाटलं की त्या टोमण्याचंही काही वाटलं नाही. वाटलं, झालं, ठरलं. तेवढ्यात बहीण पानाचं ताट हातात धरून म्हणाली, "बाबा, मंग आता आपलं बी सांगा."

"काय?" काकाजी म्हणाले. दोन्ही कान शाबूत असलेल्या माणसाला ऐकू न येण्याचा तो एकच प्रसंग मी पाहिला.

"त्याइच्या डब्यात बुडालोक हात घातला ना तुम्ही? मंग त्याइलेही घालू द्या." काकू आतून हाका मारू लागल्या, तिनं लक्ष दिलं नाही. ताट खाली ठेवलं आणि ती सरळ त्याच्याकडे वळली. "मले डाव्या कानानं आयकू येत नाही. लहानपनी ताप आल्ता. ह्याच्यावरून एक सोयरीक मोडली आहे. आता तुमचं तुम्ही पाहा."

काकाजींनी डोळे मिटून घेतले. मी त्या माणसाकडे बघत होतो, नेहमीसारखा, त्याच्या चेहऱ्यावर आता काय उमटतं ते पकडायला. तो गोंधळला, पण ऐकून नाही. काय उत्तर द्यावं म्हणून गोंधळला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी चार वेळा पुरे म्हणालो, आणि तुम्ही वरण वाढतच होतात. मग पाट बदलला तेव्हा एकदाच म्हणालो आणि तुम्ही थांबलात. म्हणून मी नेहमी उठून त्या बाजूला बसतो."

बहिणीनं पदर डोळ्याला लावला आणि ती आत गेली. तो दाराशी जाऊन बसायचा ती जागा मला समोर दिसत होती, आणि तिथून स्वयंपाकघर दिसतं एवढंच मी इतके दिवस पाहिलं होतं.

काकाजींनी डोळे उघडले, डबा उचलला, त्याचं झाकण लावलं आणि ते पुन्हा काढायला गेले. ते निघेना. "खरंच घट्ट बसते बाप्पा," ते म्हणाले, आणि डबा जावयाच्या हातात दिला.