मंगरूभाऊंची गाडीवरची एन्ट्री

दिनांक १८ नोव्हेंबर २०२३ रोजी वडशाच्या एका नाटक कंपनीने मंगरू मडावी यांना एका प्रयोगाचे दोन हजार सातशे पन्नास रुपये दिले. त्यांपैकी दोन हजार दोनशे पन्नास दारुड्याच्या भूमिकेचे होते आणि पाचशे नुसत्या एन्ट्रीचे. दुसऱ्या अंकात मंगरूभाऊ एका हातात बाटली धरून मोटारसायकलवरून थेट रंगमंचावर येत आणि गाडीवरूनच म्हणत, "मले काई नाई झालं." त्यानंतर पाच मिनिटे हशा-टाळ्यांमुळे नाटक पुढे सरकत नसे. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईत नाटक असतेच. त्या नाटकाच्या फलकावर नायिकेच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलेले असे : 'मंगरूची थरारक गाडी एन्ट्री'.

मंगरूभाऊ दारूला शिवत नाहीत आणि बाटलीत कोरा चहा असतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. दुसरी गोष्ट मात्र कंपनीबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. मंगरूभाऊंना मोटारसायकल चालवताच येत नव्हती. एका विंगेतून दोघे गाडी ढकलत, समोरच्या विंगेत दोघे गाद्या धरून उभे राहत आणि इंजिनाचा आवाज तबलेवाल्याच्या मोबाईलमधून येई. एरवी चौपन्न वर्षांचे मंगरूभाऊ एसटीने फिरत. कोणी विचारलेच, तर "गाडी सर्व्हिसिंगले टाकली" म्हणत. गाडी चौदा वर्षे सर्व्हिसिंगला होती.

डिसेंबरात आरमोरीपलीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून मराठी शिकवणाऱ्या सत्यशीला रामटेके बाईंचा फोन आला.

"मंगरूभाऊ, आमच्या पोरांशी बोलायला या. दारू पिऊन गाडी चालवू नये, यावर."

"मी? बाई, मी तर दारुड्याच आहो."

"म्हणूनच तर. आमच्या दोन पोरांनी मंडईहून आल्यावर तुमची एन्ट्री केली. इथंच, पटांगणात. दोन घोट घेऊन, एका हातानं."

"मंग?"

"राजदीपचं खांद्याचं हाड मोडलं. मागे अंकुश बसला होता, तो अजून चंद्रपूरच्या दवाखान्यात आहे. पायात सळई टाकली."

मंगरूभाऊ येतो म्हणाले. पुढचे चार दिवस त्यांना जेवण गोड लागले नाही.

ठरल्या दिवशी ते चार पाने भाषण लिहून घेऊन गेले. सभागृहात अकरावी-बारावीची दोनशे मुले सतरंजीवर बसली होती. पहिले पान संपायच्या आतच मागून आवाज आला, "एन्ट्री!" मग सगळीकडूनच आला. मंगरूभाऊंनी बाईंकडे पाहिले, पान खाली ठेवले आणि दारुड्याची चाल चालून दाखवली. मुले एकमेकांच्या अंगावर पडून हसली. मंगरूभाऊंना बरे वाटले. बाईंना अजिबात वाटले नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतला, गळ्यात हात अडकवलेला राजदीप उभा राहिला.

"काका, एक विचारू?"

"विचार बेटा."

"तुमी एक हात सोडून येता, तरी काऊन नाई पडत? मायं नेमकं काय चुकलं, ते सांगा. अंकुश म्हणते, अँगल चुकला. हात बरा झाला का पुन्हा करून पाहतो."

पोरगा थट्टा करत नव्हता. त्याला शिकायचे होते. दोनशे माना मंगरूभाऊंकडे वळल्या आणि निम्म्या हातांतले मोबाईल वर झाले.

मंगरूभाऊंनी मनाशी हिशोब केला. हंगामाचे साठ प्रयोग, पाचशेप्रमाणे तीस हजार. 'प्रॅक्टिस लागते बा' एवढे म्हटले असते, तर ते तीस हजार वाचले असते आणि फलकावरची लाल अक्षरेही. ते ग्लासभर पाणी प्याले.

"मले गाडी येत नाई," ते म्हणाले.

सभागृहात एकच हशा पिकला. त्या दिवसातला सर्वांत मोठा हशा तो होता. त्यांनी पुन्हा सांगितले, हशा वाढला. तिसऱ्यांदा त्यांनी देवाची शपथ घेतली, तेव्हा मागच्या रांगेतल्या एकाला ठसका लागला. उभ्या आयुष्यात त्यांना खोटे बोलून एवढे हशे मिळाले नव्हते.

"रामाजी," ते दारातल्या शिपायाला म्हणाले, "तुमची गाडी आणा जी पटांगणात. चावी तुमच्याच खिशात राहू द्या."

रामाजींनी गाडी आणली. मंगरूभाऊ वर बसले, डाव्या हातात पाण्याची बाटली घेतली आणि दोन धट्टीकट्टी पोरे मागे उभी केली.

"असे दोन जण धक्का मारतात. तिकडून दोघं गाद्या घेऊन राहतात."

"गाद्या कुठी आणाव?" एकाने विचारले.

"नाई ना? मंग तसंच मारा."

पोरांनी धक्का मारला. बारा पावलांवर हँडल वळले, गाडी फुलझाडांच्या वाफ्यात शिरली, डावा आरसा विटेवर फुटला आणि मंगरूभाऊ शेवंतीत आडवे झाले. सवयीने 'मले काई नाई झालं' हा संवाद ओठांवर आला होता. पण कोपर सोलले होते, म्हणून तो तिथेच राहिला. या वेळी कोणी हसले नाही.

राजदीपने चांगला हात पुढे केला.

"एवढंच राह्यते काका?"

"एवढंच. इंजिन बंद, दिवसाढवळ्या, अन् मी शुद्धीत. तरी पडलो. तू चालू गाडीवर करून राह्यला होता, ते बी पिऊन. अँगल तुया बरोबरच होता बेटा. मी बी असाच पडतो, फक्त मले धराले दोघं राह्यतात."

मित्राने काढलेला या पडण्याचा व्हिडिओ राजदीपने सर्वांत आधी अंकुशला पाठवला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गडचिरोलीत पोचला होता, आणि पुढच्या प्रयोगात मंगरूभाऊ यायच्या आधीच पब्लिक ओरडले, "धक्का मारा रे!" मालकाने फलकावरची लाल ओळ चुन्याने पुसली आणि पाचशे रुपये बंद केले.

आता मंगरूभाऊ दुसऱ्या अंकात पायी येतात. तीन मिनिटे स्वतःच्या खिशांत गाडीची चावी शोधतात, आणि ती त्यांच्या नाटकातल्या बायकोने पदराला बांधलेली असते. हशा येतो, पण पहिल्यासारखा नाही. फेब्रुवारीत अंकुश कुबडी घेऊन बसने नाटकाला आला. प्रयोगानंतर मंगरूभाऊंना भेटून म्हणाला, "काका, राग नका मानू, पण पहिलीच एन्ट्री बरी होती."

"पहिलीच बरी होती," मंगरूभाऊ म्हणाले, आणि त्याला बसपर्यंत सोडायला गेले.

रामाजींच्या आरशाचे एकशे ऐंशी रुपये मंगरूभाऊंकडे अजून बाकी आहेत.